फाटत नाही ओ

सोलापुरात नवी पेठेत किंवा स्टेशनजवळ कुठल्याही चादरीच्या दुकानात जा, दुकानदार आधी रंग दाखवत नाही, डिझाईन दाखवत नाही, किंमत तर लांबच. चादरीची घडी सोडतो, काठ दोन्ही मुठीत धरतो आणि सगळा जीव लावून ओढतो. फट्‌ असा आवाज येतो. मग तुमच्याकडे बघतो आणि म्हणतो, "बघा, फाटत नाही ओ."

हे वाक्य मी चालायला लागल्यापासून ऐकतेय. माझे पप्पा अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात जॉबर आहेत. जॉबर म्हणजे माग बिघडला की ज्याला हाक मारतात तो माणूस, धोटा अडकला, जॅकार्डचा, म्हणजे डिझाईन विणणाऱ्या जोडणीचा, दोर तुटला, डिझाईनमध्ये मोराची मान एका बाजूला सरकली की पप्पा. आजोबा गिरणीत होते, लक्ष्मी-विष्णूमध्ये. त्यांच्या काळात अख्खं गाव भोंग्यावर उठायचं म्हणे, घड्याळ कशाला लागतं. नव्वदच्या दशकात गिरणी बंद पडली तेव्हा पप्पा नुकतेच यंत्रमागावर लागले होते. आणि आई घरी टॉवेलची शिलाई करते, म्हणजे कारखान्यातून टॉवेल लांबच्या लांब येतात, ते कापायचे, दोन्ही कडा मुडपून शिवायच्या आणि एका कोपऱ्यात कंपनीचं लेबल लावायचं. डझनावर पैसे. आमच्या घरात झोपायला जागा कमी आणि टॉवेलचे गठ्ठे जास्त अशीच परिस्थिती होती, पण त्या गठ्ठ्यांवर झोपायला मजा यायची हे पण खरंय.

तर अशा घरातून मी पुण्याला फॅशन मार्केटिंग शिकायला गेले. दोन वर्षांचा पदव्युत्तर कोर्स. घरी सांगितलं तेव्हा पप्पांनी फक्त "मार्केटिंग" एवढाच शब्द ऐकला आणि खूश झाले. शेजारच्या आक्कांनी फक्त "फॅशन" ऐकला आणि आईला बाजूला घेऊन विचारलं, पोरगी मॉडेल होणारे का काय.

पहिल्याच महिन्यात मॅडमनी फळ्यावर दोन अक्षरं लिहिली. एक झिजण्याचा वेग, एक खरेदीचा वेग. रोलाँ बार्थ म्हणून फ्रेंच विचारवंत होता, त्याने १९६७ साली मांडलेली गोष्ट आहे ही, आणि इतकी सोपी आहे की मला वाटलं हे तर आमच्या कन्ना चौकातला कोणीही सांगेल. कपडा जेवढ्या वेगाने झिजतो तेवढ्याच वेगाने माणूस नवीन घेत असेल तर तिथं फॅशन नाही. झिजून चिंध्या झाल्या तरी घेत नसेल तर ती गरिबी. आणि झिजायच्या आधीच, चांगला असतानाच, दुसरा घेत असेल तर ती फॅशन. संपलं. खरेदीचा वेग झिजेच्या पुढे जितका पळेल तितकी फॅशन मोठी.

सगळ्या वर्गाने उतरवून घेतलं. मी पण घेतलं, पण पेन थांबला माझा, कारण डोळ्यासमोर नवी पेठेतला तो दुकानदार आला, काठ ओढणारा. आम्ही तर पिढ्यानपिढ्या उलटंच विकत आलोय. आम्ही सांगतो की ही घ्या म्हणजे परत घ्यायला यावं लागणार नाही. फॅशनच्या हिशोबात ही जाहिरात म्हणजे गिऱ्हाईकाला दारातून कायमचं वाटेला लावणं झालं की.

तो विचार दोन वर्षं माझ्या मानगुटीवर बसला होता, अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहितेय.

अभ्यासक्रम तसा आवडला मला, खोटं कशाला बोलू. रंगांचा अंदाज दोन-दोन वर्षं आधी कसा बांधतात, दुकानात शिरल्यावर माणूस बहुतेक वेळा कुठल्या बाजूला वळतो, पुतळ्याला काय घालायचं आणि त्याच्या पायाशी काय ठेवायचं, सीझन संपताना किती माल उरला की किंमत कधी पाडायची, हे सगळं मी तोंड उघडं टाकून ऐकायचे. झारा ह्या कपड्यांच्या ब्रँडची गोष्ट तर प्रत्येक विषयात येतेच. स्पेनच्या आ कोरुन्या नावाच्या गावात १९७५ साली एक दुकान निघालं, आणि पुढे त्यांनी अशी घडी बसवली की डिझाईन डोक्यात आल्यापासून काही आठवड्यांत कपडा दुकानात, आठवड्यातून दोनदा नवीन माल. त्यांची जाहिरात म्हणजे मालच. आज घेतलं नाही तर पुढच्या वेळी मिळणार नाही. मला त्यातला कारखाना दिसायचा. एवढ्या वेगात माल काढायचा म्हणजे कोणाचा तरी रात्रपाळीचा जॉबर मागाखाली आडवा पडलेला असणार, हे बाकीच्या मुलींना सुचायचं कारण नव्हतं, मला सुचायचं.

गेऑर्ग झिमेल म्हणून जर्मन समाजशास्त्रज्ञ, त्याने १९०४ मध्येच लिहून ठेवलंय की वरच्या वर्गाने एक पेहराव काढला की खालचे त्याची नक्कल करतात आणि नक्कल झाली की वरचे तो सोडून देतात. म्हणजे सगळ्यांनी घातलं की फॅशन मेली. हे वाचून मी सोलापूरची यादी केली, वहीच्या मागच्या पानावर. आम्ही काय काय बनवतो? चादर. टॉवेल. शाळेचे गणवेश, गणवेशाचा तर मोठाच धंदा उभा राहिलाय गेल्या काही वर्षांत, देशभरात माल जातो. इरकल साड्या. आणि संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज, म्हणजे देवाच्या उंच काठ्या, धरणारे घालतात ती पांढरी बाराबंदी, म्हणजे बंदांनी बांधायचा अंगरखा. ह्यातलं एक पण असं नाही जे सगळ्यांनी घातल्यावर मरतं. उलट सगळ्यांनी घातलं की त्याला अर्थ येतो. गणवेश तर नावातच आला. आणि सात नंदीध्वज हलत डुलत येतात तेव्हा मागेपुढे हजारो माणसं पांढऱ्या बाराबंदीत असतात, त्यात एक जण निळ्या शर्टात असेल तर तोच वेगळा दिसतो, आणि त्याला ते नको असतं.

तरी बाराबंदी दर वर्षी खपते! डिसेंबर लागला की शिंप्यांकडे रांग असते. फॅशन तसूभर बदलत नाही, तेच बंद, तोच पांढरा रंग. मग खप कुठून येतो? मी एका शिंपीकाकांना विचारलं तर ते म्हणाले, "पोरं वाढतात की." इतकं सरळ उत्तर मला कुठल्या केस स्टडीत मिळालं नव्हतं. गणवेशाचं पण तेच. कपडा झिजत नाही, रुची बदलत नाही, पोरगं वाढतं आणि खरेदी होते. बार्थच्या समीकरणात ही बाजू नाहीये, निदान वर्गात तरी कोणी काढली नव्हती. आणि वर लहान भावाला मोठ्याची बाराबंदी येतेच, ती वेगळी.

हॉस्टेलमध्ये मी पहिला सर्व्हे केला, ग्राहक वर्तन विषयाचा. आमच्या मजल्यावर ३४ मुली होत्या. नाशिकच्या, लातूरच्या, रत्नागिरीच्या, कुठल्या कुठल्या. १९ जणींकडे सोलापुरी चादर होती. मला आनंदाने उडीच मारावीशी वाटली, पण पुढचा प्रश्न विचारला, कोणी घेतली? एकीनेही स्वतः घेतली नव्हती. आईने दिली, मावशीच्या लग्नातल्या आहेराची होती, बाबांना निवृत्तीच्या सत्काराला मिळाली होती, आजी पंढरपूरहून येताना घेऊन आली होती. घेणारा वेगळा, देणारा वेगळा, अंगावर घेणारा वेगळा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्यातल्या बऱ्याच चादरी त्या मुलींपेक्षा वयाने मोठ्या होत्या. म्हणजे ज्या मुली महिन्याला दोन टॉप मागवतात त्यांनी आयुष्यात अजून एकदाही सोलापूरच्या मालाला गिऱ्हाईक म्हणून हात लावलेला नव्हता, पण रोज रात्री अंगावर घेऊन झोपत होत्या.

आणि हो, त्या १९ मधल्या दोन चादरी आमच्याकडच्या नव्हत्याच. नाव सोलापुरी, विणकाम बघूनच कळलं मला. पानिपतकडून येणाऱ्या चादरी सोलापुरी म्हणून विकतात ही आमच्याकडची जुनी दुखरी नस आहे. वास्तविक सोलापुरी चादर आणि सोलापूर टेरी टॉवेल, दोन्हीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे. भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ चा, लागू झाला २००३ मध्ये, आणि त्यानंतर देशात अगदी सुरुवातीला ज्या वस्तूंना मानांकन मिळालं त्यात आमच्या ह्या दोन आहेत. दार्जिलिंगच्या चहाबरोबर नाव घ्यावं अशी गोष्ट. पण जीआय काय असतं हे त्या मजल्यावर मी सोडून एकीलाही माहिती नव्हतं, आणि कायद्याने नाव राखता येतं, ते कोणाच्या तोंडात घालता येत नाही, ते काम मार्केटिंगचं. तिथं आम्ही कमी पडलोय असं मला मनापासून वाटतं.

वस्तूचं जीवनचक्र शिकवलं त्या दिवसाची गोष्ट. थिओडोर लेव्हिटने १९६५ मध्ये ते लोकप्रिय केलं, बाजारात येणं, वाढ, पक्वता, उतरण, आणि डोंगरासारखी एक रेघ. मॅडम म्हणाल्या आपापल्या घरातली एक वस्तू घेऊन ही रेघ काढा. मी आमच्या घरातली हिरवी चादर घेतली. लेव्हिटची रेघ अख्ख्या बाजारातल्या विक्रीची असते, एका घरातल्या एका नगाची नाही, हे मला नंतर कळलं, पण तोवर कागद भरला होता.

ती चादर आई-पप्पांच्या लग्नात आली. पहिली काही वर्षं कपाटात, डांबराच्या गोळ्यांबरोबर, फक्त पाहुणे आले की बाहेर. मग मी झाले तेव्हा तिची झोळी झाली, कारण दुसरं काहीच एवढं वजन धरणार नाही असं आजीचं मत. मग रोजच्या अंथरुणात. मग आजी आषाढीला चालत पंढरपूरला गेली तेव्हा तिच्याबरोबर, रात्री अंगावर आणि दिवसा खांद्यावर. मग तिचा रंग विटला तेव्हा गच्चीवर शेंगा वाळत घालायला. मग पप्पांच्या लुनावर पावसात झाकायला. मी पुण्याला गेले तेव्हा ती आईच्या शिलाई मशीनखाली अंथरलेली होती, म्हणजे टॉवेल जमिनीला लागून मळू नयेत म्हणून. तेव्हा पण फाटलेली नव्हती. काठ सुटले होते फक्त. माझ्या रेघेला डोंगरच येईना, ती आपली सरळ चाललीय चाललीय, शेवटी कागद संपला. मॅडम हसल्या नाहीत, त्यांनी तो कागद ठेवून घेतला आणि म्हणाल्या, तुझा प्रोजेक्ट ह्याच्यावर कर.

त्याच सत्रात राणा प्लाझा शिकवलं. २४ एप्रिल २०१३, ढाक्याजवळ सावरला आठ मजली इमारत कोसळली, वर कपड्यांचे कारखाने, ११०० हून जास्त माणसं गेली, बहुतेक शिवणकाम करणाऱ्या बाया. आदल्या दिवशी भिंतीला भेगा दिसल्या होत्या तरी कामावर बोलावलं. हे सगळं वाचलेलं होतं मी आधी. पण एक गोष्ट नवीन कळली, की तिथं कोणत्या कंपन्यांचा माल शिवला जात होता हे सिद्ध करायला कार्यकर्त्यांना ढिगाऱ्यात लेबलं शोधावी लागली. लेबलं. मी वर्गातून उठून बाहेर गेले. मला आईचा अंगठा दिसत होता, लेबलची पट्टी दाबून धरणारा, सुईच्या अगदी जवळ. वीस वर्षांत तिने किती कंपन्यांची, किती हॉटेलांची नावं कोपऱ्यात शिवली असतील, आणि त्या लेबलवाल्यांपैकी एकाला तरी माहिती असेल का की हे लेबल सोलापुरात साखर पेठेतल्या एका खोलीत लागलंय. घरी फोन केला तर आई म्हणाली, "काय झालं गं, जेवलीस का?" मी म्हटलं जेवले.

मग प्रोजेक्ट. मला वाटलं चादरीचं जॅकेट करू. ह्यात नवीन काही नव्हतं, चादरीचे शर्ट, कुर्ते आधीपासून निघतच होते, पण मला तरुण मुलींसाठी नीट मापाचं, वर्षभर चालेल असं करायचं होतं आणि त्याचा खर्चाचा तक्ता, किंमत, पॅकिंग सगळं मांडायचं होतं. गल्लीतल्या शिंप्याला चादर दिली तर त्याने आधी ती हातात घेऊन वजन बघितलं. "ताई, सुई तुटल." तुटलीच. मग जाड नंबरची लावली. चादर जॅकार्डची, मोठं डिझाईन, म्हणजे डाव्या बाजूला मोर आला तर उजव्या बाजूला पण तेवढ्याच उंचीवर मोर यायला हवा, नाहीतर ते जॅकेट कोणीतरी अंधारात शिवल्यासारखं दिसतं. ते जुळवायचं तर कापड वाया जातं. एका चादरीत तीन बसतील असा माझा हिशोब होता, दोनच बसली. कापलं की कडेचे धागे भराभरा सुटतात, म्हणजे आतून सगळीकडे पट्टी लावा, त्याचा खर्च वेगळा. आणि पहिल्या धुण्यात लाल रंग पांढऱ्यात उतरला. चादर म्हणून ते चालतं, लोक म्हणतात पहिल्या दोन धुण्यात जातंच, पण जॅकेट घालणारी मुलगी असं म्हणणार नाही. मग पप्पांनी कारखान्यात बोलून पक्क्या रंगाचं सूत असलेली चादर मिळवली. सोलापूरच्या उन्हाळ्यात, ४० च्या वर पारा असताना, मी ते जॅकेट घालून आरशासमोर उभी राहिले आणि दोन मिनिटांत घामाने भिजले. गिऱ्हाईक इथलं नाही, एवढं तरी नक्की झालं.

किंमतीचा तक्ता मी आणि पप्पांनी रात्री बसून केला. सूत, रंग, विणकाम, शिलाई, पट्टी, बटण, वाया गेलेलं, वाहतूक. कपड्याच्या धंद्यात जुना ठोकताळा असा की दुकानदार घेतलेल्या भावाच्या दुप्पट लावतो, ऑनलाइन विकलं तर कमिशन आणि परत आलेला माल धरून त्याहून जास्त लावावं लागतं. ते लावलं आणि रक्कम गेली १८५० वर. तेव्हा कपड्याला हजारापर्यंत जीएसटी ५ टक्के आणि वर गेलं की १२ होता. वर्गात आम्हाला ९९९ ही किंमत म्हणजे मानसशास्त्र असं शिकवलेलं, डाव्या हाताचा आकडा छोटा दिसतो वगैरे. पप्पांचे शेठ म्हणाले, अगं मानसशास्त्र राहू दे, टॅक्स आहे तो. दोन्ही खरंच असणार. आता २२ सप्टेंबर २०२५ पासून ती रेघ २५०० वर सरकलीय, तेव्हा माझं जॅकेट आज ५ टक्क्यांत बसलं असतं.

सादरीकरणाला बाहेरून परीक्षक आले होते. मी मन लावून केलं होतं सगळं. जॅकेट हातात घेऊन त्यांनी उलटसुलट बघितलं आणि विचारलं, हे किती वर्षं टिकेल? मी अभिमानाने सांगितलं, पंधरा-वीस तरी. ते म्हणाले, मग तुमची रिपीट खरेदी कुठून येणार? ही कमोडिटी आहे, ह्यात फॅशन कुठाय? मला उत्तर आलं नाही. त्या वेळी खरंच आलं नाही. मार्क बरे मिळाले, पण हुतात्मा एक्सप्रेसने परत येताना कुर्डुवाडीपर्यंत मी खिडकीबाहेरच बघत होते.

उत्तर सापडलं नंतर, तुकड्यातुकड्यात, आणि गंमत म्हणजे ते माझ्या त्याच पुस्तकांत होतं. लिव्हाइसची जीन्स. २० मे १८७३ ला जेकब डेव्हिस नावाच्या शिंप्याला आणि लिव्हाय स्ट्रॉसला मिळून पेटंट मिळालं, कशाचं तर खिशाच्या कोपऱ्यात तांब्याचे रिव्हेट ठोकायचं, कारण मजुरांचे खिसे फाटायचे. आणि १८८६ पासून त्यांच्या चामड्याच्या पट्टीवर चित्र काय, तर दोन घोडे दोन बाजूंनी पँट ओढतायत आणि पँट फाटत नाहीये. वाचता न येणारं गिऱ्हाईक दुकानात येऊन दोन घोड्यांवाली द्या म्हणायचं. आमच्याकडेही गिरण्यांच्या काळात कापडाच्या ताग्यावर चित्रांची तिकिटं असायचीच, देव, हत्ती, मोर, लोक चित्र सांगून कापड मागायचे. पण ते दोन घोडे! तो आमचा नवी पेठेतला दुकानदारच आहे की, काठ ओढणारा! "फाटत नाही ओ" ह्यालाच त्यांनी चित्रात काढलं, कमरेला लावलं, आणि सव्वाशेहून जास्त वर्षं विकलं. आणि ती फॅशन नाही असं म्हणायची कोणाची हिंमत आहे? मी पप्पांना मोबाईलवर ते चित्र दाखवलं. त्यांनी मोठं करून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "घोडे कशाला लागतात, माणूस पुरे."

आणि पॅटागोनिया ह्या अमेरिकन कपडे कंपनीची ती जाहिरात, २०११ च्या नोव्हेंबरमधली, न्यूयॉर्क टाइम्समध्ये, अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या खरेदीच्या दिवशी, आपल्याच जॅकेटचा फोटो आणि वर मथळा की हे जॅकेट विकत घेऊ नका. म्हणजे गरज नसेल तर घेऊ नका, असलेलं दुरुस्त करा, आम्ही मदत करतो. कोणी म्हणतं ती पण विकायचीच युक्ती. असेल. पण दुरुस्ती करून देणारं दुकान आणि न देणारं दुकान ह्यात फरक आहे, तो माझ्या आईला पण कळतो.

मात्र एक गोष्ट मला पुस्तकात मिळाली नाही, ती पप्पांनी सांगितली, आणि तीच सगळ्यात जास्त टोचते. आम्ही गच्चीवर बसलो होतो. मी म्हटलं पप्पा, आपली चादर फाटत नाही हेच आपण जगाला सांगायचं. ते गप्प. मग म्हणाले, "जुनी नाही फाटत. दर उतरला की पीक उतरतं बाळा." पीक म्हणजे शेतातलं नाही, मागाच्या भाषेत एका इंचात आडवे किती धागे बसलेत तो आकडा. गिऱ्हाईक घासाघीस करतं, ठोक व्यापारी अजून खाली ओढतो, सुताचा भाव तर आपल्या हातात नाही. मग चादरीचं माप तेच ठेवायचं, मोर तोच ठेवायचा, आणि इंचात चार धागे कमी टाकायचे. नव्याला कांजी असते, हाताला कळत नाही. दुकानदार काठ ओढतो तेव्हा पण कळत नाही, काठ मजबूतच असतो. कळतं ते दोन वर्षांनी. सगळे असं करत नाहीत, जपून करणारे आहेत, पप्पांचे शेठ त्यातलेच. पण स्वस्तात विकायच्या शर्यतीत एकेक धागा करत आम्ही तीच गोष्ट विकून टाकतोय जिच्यावर उभे होतो, आणि हे लिहिताना माझा जीव खालीवर होतोय.

म्हणून मला फॅशन मार्केटिंग शिकल्याचा पश्चात्ताप वगैरे काही नाही, उलट आमच्या पूर्व भागातल्या, म्हणजे विणकरांच्या वस्तीतल्या, दर दुसऱ्या घरातून एकेक पोरगी हे शिकायला जावी असं वाटतं. जो माणूस पीक मोजतो त्याला गिऱ्हाईकाचं नाव माहीत नाही आणि जो गिऱ्हाईकाला ओळखतो त्याला पीक मोजता येत नाही, ह्या दोघांच्या मध्ये बसणारं कोणीतरी हवं ना. चादरीच्या कोपऱ्यात लहान अक्षरात पीक लिहा, वजन लिहा, दहा वर्षांनी काठ सुटले तर कुठं आणायची ते लिहा. जास्त पैसे मागायचे तर कशाचे मागतोय ते दिसू तर दे.

सध्या मी परत सोलापुरात आहे. सकाळी एका गणवेशवाल्यांच्या ऑर्डरींचं बघते, आणि दाजी पेठेत मैत्रिणीच्या दुकानाबाहेर शनिवार-रविवार आमचं एक टेबल असतं. बोर्ड आईने सुचवला तसा साधा लिहिलाय, जुनी सोलापुरी चादर आणा, कड शिवून देऊ, जॅकेट किंवा पिशवी करून देऊ. जॅकेटं अजून मोजकीच जातात, बहुतेक बाहेरगावी, थंडीच्या ठिकाणी. पिशव्या बऱ्या जातात.

जानेवारीत, गड्ड्याच्या म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या गर्दीच्या दिवसांत, एक आजोबा आले. पिशवीतून चादर काढली. निळी-पांढरी, मधे कमळं, एवढी मऊ झालेली की हातात घेतली तर मांजर घेतल्यासारखी वाटली. त्या रविवारी पप्पा सोबत होते. त्यांनी चादर उन्हाकडे धरली, खिशातून छोटं भिंग काढलं, काठापासून मोजत गेले, मग परत पहिल्यापासून मोजलं, आणि बोलले काहीच नाही, नुसती मान हलवली, चांगल्या अर्थाने. मी आजोबांना विचारलं, काय करून देऊ, जॅकेट? पिशवी? त्यांनी चादर जरा स्वतःकडे ओढून घेतली. म्हणाले, कापू नको, नुसता काठ शिव, नातीला द्यायचीय, ती पुण्याला चाललीय शिकायला.

आईने तिथंच बसून शिवला. दोन्ही काठ, दुहेरी शिलाई. लेबलाचा डबा तिच्या बाजूला होता, तिने माझ्याकडे बघितलं, मी नको म्हटलं. वीस रुपये झाले. आजोबा गेल्यावर पप्पा वही उघडून बसले आणि पेन हातात धरून विचारायला लागले, "ह्याला विक्री म्हणायची का?"

"लिहा की पप्पा," मी म्हटलं.

त्यांनी लिहिलं. चादर एक, कड शिलाई, वीस.